अठ्ठेचाळीस बाय सतरा

नव्या गोठ्याचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकल्यापासून मला "ड्रॉइंग पाठव ना गं" असे निरोप येतायत. पाठवायला माझी काही हरकत नाही. पण तो नकाशा कोणी शिरूरला किंवा दौंडला तसाच्या तसा उभा केला, तर बिचाऱ्या जनावरांचे हाल होतील. तो मुळशीतल्या एका उतारासाठी, मुळशीतल्या पावसासाठी आणि आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या गुडघ्यांसाठी काढलेला आहे. म्हणून नुसतं ड्रॉइंग न पाठवता त्यातली एकेक रेघ तिथे का आली ते लिहून टाकते.

मी पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर बाणेर-बालेवाडीच्या टॉवरांची पार्किंगं काढायची. गाडी कुठून वळेल, रॅम्पला उतार किती, पावसाचं पाणी कुठल्या चेंबरमध्ये जाईल, हेच डोक्यात. सासर पौडच्या पुढे. भाताची खाचरं, मागे डोंगर, आणि भूगावातलं ट्रॅफिक पार केलं की अर्धा जीव तिथेच परत येतो. माझे थोरले दीर, म्हणजे दादा, आणि थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी ताई म्हणते, तिथेच असतात. चार संकरित गाई, दोन म्हशी, वासरं, आणि दादांचा जीव की प्राण असलेला एक खिलार खोंड. बैलगाडा शर्यतींना सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये कायमची मोकळीक दिल्यापासून या खोंडाचा घरातला मान माझ्या नवऱ्यापेक्षा वरचा आहे.

जुना गोठा घरालाच लागून होता. मुळशी-मावळातली जुनी घरं पाहिलीत तर हे नवं नाही: एकाच आढ्याखाली एका बाजूला माणसं, एका बाजूला जनावरं. कारवीचे कूड, शेणामातीने लिंपलेले, वर मंगलोरी कौलं. एक बैलजोडी आणि दोन गावठी गाई यांच्यासाठी तो अगदी बेतशीर होता. हिवाळ्यात ऊब, चोराची भीती नाही, रात्री गाय हंबरली तर अंथरुणातून कळायचं. पण जनावरं बदलली. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला १९६७ मध्ये बायफ ही संस्था सुरू केली आणि तिथून संकरित गाई महाराष्ट्रभर गावोगाव पोचल्या. त्यातल्या होल्स्टिन रक्ताच्या गाईला थंडी चालते, उकाडा चालत नाही. पारा पंचविशीच्या पुढे गेला की ती चारा कमी खाते, धापा टाकते आणि दूध घटतं. सहा फुटांवर छप्पर, एकच दार, खिडकी नाही, अशा जागेत तिला एप्रिल-मे काढायला लावणं म्हणजे जुलूम. त्यात माकडं. कौलावरून माकडांची टोळी गेली की दादांचा आवाज खालच्या आळीपर्यंत ऐकू यायचा.

तर नवा गोठा. "तू काढ की नकाशा, तुझं कामच आहे," असं दादा म्हणाले. कागदावर रेघ मारण्याआधी मी ताईंना विचारलं की तुम्हाला काय हवंय. त्यांनी एक क्षणही विचार केला नाही.

"मला शेण उचलायचं नाही. ढकलायचंय."

यातच सगळा नकाशा आला. जुन्या गोठ्याला वीतभर उंच उंबरा होता. रोज सकाळी वाकून शेण भरायचं, पाटी डोक्यावर घ्यायची, उंबरा ओलांडून उकिरड्यावर जायचं. गाय दिवसाला पंधरा-वीस किलो शेण सहज टाकते, मोठी संकरित त्याहून जास्त. सहा-सात जनावरांचं मिळून क्विंटलभर झालं. ते वर्षानुवर्षं एका बाईने उचललंय. गोठा म्हटलं की सगळे आधी छपराचं बोलतात, पत्रा की कौल, कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) कशी, उंची किती. मी मात्र शेणापासून सुरुवात केली: ते कुठे पडेल, कुठल्या दिशेने सरकेल, शेवटी कुठे जाऊन थांबेल.

जागा शोधायला फार लांब जावं लागलं नाही. घराच्या ईशान्येला जुनं खळं पडून होतं. हल्ली भात मशीनवर झोडतात, त्यामुळे खळ्याचा उपयोग लग्नात मांडव घालण्यापुरता. पिढ्यान् पिढ्या चोपून घट्ट झालेली जमीन, खाली मुरूम, आणि पूर्वेकडे अलगद उतार. पावसाळ्यात वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणजे घर आधी आणि गोठा त्याच्या पलीकडे. वास आणि माश्या घरावर येत नाहीत. भावकीतल्या एकांनी "ईशान्येला देवघर असतं, गोठा वायव्येला हवा" असा वास्तुशास्त्राचा मुद्दा काढला होता. वायव्येला आमच्याकडे विहीर आहे. विहिरीशेजारी मूत्राची टाकी कोण खोदणार? विषय तिथेच मिटला.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली. याचे फायदे दोन. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्याला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा छपराची सावली बरोबर खाली पडते. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेच्या उघड्या बाजूने ऊन आत येतं, जमीन वाळते. आणि पश्चिमेचा वारा गोठ्याच्या अरुंद बाजूवर आपटतो, लांब बाजूवर नाही. पश्चिमेची ती बाजू विटांची भिंत घालून बंद केली. दौंड-इंदापूरकडे पाऊस कमी, तिथे ती भिंत न घालता झाडं लावली तरी भागेल. आमच्याकडे जुलैची झड दोन-दोन आठवडे थांबत नाही. भिंत नसेल तर वैरण भिजणार म्हणजे भिजणारच.

आता जनावरांची तोंडं कुठे? ऑफिसात एकाने छान सममित नकाशा काढून दिला होता: मधे वाट, दोन्हीकडे दावणी, तोंडाला तोंड. दिसायला सुंदर. पण दहा-बारा जनावरांच्या आत एकच दावण पुरते, दुहेरी केली की रुंदी वाढते, कैची जड होते आणि खर्च उगाच वाढतो. एकेरी दावण, तोंडं उत्तरेला, शेपट्या दक्षिणेला, असं ठरवलं. शेपटीकडे हिवाळ्याचं ऊन पडेल, ओली बाजू तीच असते. गव्हाण उत्तरेला असल्यामुळे नैऋत्येची झड चाऱ्यावर येणार नाही. दादांना मात्र हे पटेना. घरातून पाहिलं तर जनावरांच्या पार्श्वभागाचं दर्शन, पाहुण्यांना काय वाटेल वगैरे.

"गाय रात्री विताना तिचं तोंड बघून काय करायचंय?" ताई म्हणाल्या. "मला चुलीपाशी उभं राहून मागची बाजूच दिसली पाहिजे."

स्वयंपाकघराची खिडकी ईशान्येला उघडते. तिथून अख्खी दावण तिरकी दिसते. हा मुद्दा कुठल्याही पुस्तकात सापडला नसता.

मग माप. रूढ माप असं, की गाईला उभं राहायला पाच ते साडेपाच फूट लांबी आणि साडेतीन-चार फूट रुंदी. यातली लांबी फार नाजूक गोष्ट आहे. जागा जास्त लांब झाली तर शेण नाळीत, म्हणजे मागच्या गटारात, न पडता ओट्यावरच पडतं आणि गाय त्यातच बसते, कासेला घाण लागते, दगडीची, म्हणजे कास सुजण्याची, भीती. कमी लांब झाली तर मागचे पाय नाळीत. म्हणून आम्ही प्रत्यक्ष मापं घेतली. ताईंनी गौरी गाईचं शिंग धरलं, मी टेप छातीच्या हाडापासून शेपटीच्या मुळापर्यंत ताणला. टेप पिवळा, कापडी. गौरीने मान वळवून त्याचं टोक तोंडात घेतलं आणि चघळायला सुरुवात केली. ताई "सोड गं सोड, तुझ्याच घराचं चाललंय" म्हणत तो ओढतायत, लाळेची तार माझ्या मनगटावर. पाच फूट दोन इंच. म्हशी थोड्या आखूड, खोंड गौरीएवढाच पण रुबाब सहा फुटांचा. उभं राहायची जागा साडेपाच फूट नक्की केली.

मग बेरीज सरळ झाली. गव्हाणीपुढे चारा टाकायची वाट चार फूट, गव्हाण दोन फूट, ओटा साडेपाच, नाळ एक फूट, मागे शेण ढकलत चालायची वाट साडेचार. झाले सतरा. लांबीत आठ जनावरं प्रत्येकी चार फूट म्हणजे बत्तीस, वासरांना आठ, कडबाकुट्टी आणि चाऱ्याच्या पोत्यांना आठ. अठ्ठेचाळीस. आठवी जागा रिकामी आहे. "रिकामी कशाला?" असं जो विचारतो त्याच्या घरी कधी गाय वाढलेली नसते.

मुक्तसंचार गोठ्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं गणित चांगलं आहे: गाईमागे चाळीस चौरस फूट छपराखाली आणि ऐंशी चौरस फूट उघडं, कुंपण घातलं की झालं. जनावर मोकळं फिरतं, खर्च कमी. कमी पावसाच्या भागात मी डोळे झाकून तेच सुचवेन. आमच्याकडे जून ते सप्टेंबर त्या ऐंशी फुटांचं गुडघाभर चिखलाचं खाचर होणार, आणि खूर सडणार. त्यामुळे आम्ही मधला मार्ग काढलाय. पावसाळ्यात दावणीला, दिवाळीनंतर दिवसा समोरच्या आवारात मोकळं, धारेला आणि रात्री परत दावणीला.

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त भांडण झालं ती: उतार.

ओट्याला नाळीकडे उतार हवा, साडेपाच फुटाला दीड इंच. याबद्दल कोणाचंच दुमत नाही. प्रश्न नाळीचा. तिच्यातून मूत आणि धुण्याचं पाणी पूर्वेच्या टाकीपर्यंत आपोआप वाहायचं तर पन्नास फुटांत निदान सहा इंच उतार पाहिजे. जोतं सपाट ठेवलं तर नाळ एका टोकाला तीन इंच खोल आणि दुसऱ्या टोकाला नऊ इंच. नऊ इंच खोल नाळीत जनावराचा पाय गेला की मोडलाच समजा. म्हणून मी अख्खं जोतंच पूर्वेकडे सहा इंच उतरतं काढलं. जमिनीचा उतारही तिकडेच होता. नाळ सगळीकडे तीन इंच, उथळ, गोल तळाची, फावडं सरळ सरकेल अशी.

आमचे मिस्त्री चांगले अनुभवी. आयुष्यभर माणूस पाण्याच्या नळीने लेव्हल लावत आला, आणि ही पुण्याची बाई सांगतेय की जोतं तिरकं बांधा.

"मॅडम, उद्या लोक मला नावं ठेवत्याल. म्हणत्याल मिस्त्रीला लेव्हल धरता येत नाय."

"तिरकं किती ते नळीनेच मोजायचंय ना."

"लेव्हल लावायची आन मग मोडायची?"

"हो."

त्यांनी विडी पेटवली, खळ्याला एक चक्कर मारली, दोन टोकांना खुंट्या ठोकल्या आणि त्यांच्यामध्ये दोरी ताणली. मग दादांनी त्या दोरीखाली बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी आपलं आपण पूर्वेकडे निघालं. त्यानंतर मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत, पण पुढे जो कोणी बघायला आला त्याला ते स्वतःच सांगायचे, "हितं मुद्दाम सा इंच सोडल्यात, मॅडमनी नाय, मीच म्हनलं."

कोबा टाकताना एक काळजी घ्या. गुळगुळीत घोटला तर जनावर घसरतं, खरखरीत ठेवला तर खूर झिजतात. मधलं हवं. कोबा ओला असतानाच चार-चार इंचांवर अर्धा इंच खोल रेघा दाबल्या, आडव्या-उभ्या चौकटीत. आणि ताज्या सिमेंटवर लगेच जनावरं बांधू नका. सिमेंट खुरांना जाळतं. पाणी मारून मारून पिकवलं, मग पुन्हा भरपूर धुतलं, आणि गाई नेल्या.

गव्हाणीचं थोडक्यात सांगते. जनावराच्या बाजूची कड दीड फूट, पलीकडची अडीच फूट, तळ ओट्यापेक्षा जरासा वर. गाय चरताना मान खाली घालून खाते, तशीच खायला मिळाली तर लाळही जास्त सुटते. पुष्कळ लोक सिमेंटचा पाइप उभा कापून अर्धी गव्हाण करतात, स्वस्त पडते. पण आम्ही मुरघास, म्हणजे आंबवून साठवलेला हिरवा चारा, घालतो, आणि मुरघासाचा आंबटपणा सिमेंट खातो. दोन-तीन वर्षांत तळ खडबडीत होतो, मग त्यात चारा अडकून कुजतो. म्हणून तळाला कडाप्पा, कोपरे गोल. पाण्याचा हौद मात्र गव्हाणीत न घेता खालच्या टोकाला ठेवला. दुभती गाय दिवसाला साठ-ऐंशी लिटर पाणी पिते, हौद सारखा भरावा लागतो, सारखा सांडतो. सांडलेलं सरळ नाळीत जातं.

शेवटी छप्पर. दादांना कौलं हवी होती, ती थंड असतात, खरं आहे. पण चौरस मीटरला पंधरा कौलं, प्रत्येक दोन-अडीच किलोचं, म्हणजे खालचं लाकूड तेवढं दणकट हवं. दरवर्षी शाकारायला माणूस मिळत नाही. आणि माकडं. पांढरा रंगीत पत्रा घेतला, अर्धा मिलिमीटर जाडीचा. उन्हाचा ताप कमी करायला उंची वाढवली: वळचणीला नऊ फूट, आढ्याला तेरा, आणि आढ्यावर फूटभर फट ठेवून वरून टोपी. गरम, दमट हवा तिथून निघून जाते. दक्षिणेकडे छप्पर तीन फूट पुढे काढलं, उत्तरेकडे दोन. वळचणीखाली पागोळ्या पडतात तिथे खडीचा पट्टा. पावसाळ्यात दक्षिणेला ताडपत्रीचे पडदे सोडायचे.

आणि वारा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून मावळ, मुळशी, खेड, जुन्नरपर्यंत पोचलं. आमच्याच वाडीत एका गोठ्याचं अख्खं छप्पर, कैच्यांसकट, दोन खाचरं ओलांडून पडलं होतं. खांब जागेवर उभे, वर आभाळ. लोकांना वाटतं छप्पर पडतं. उघड्या गोठ्याचं छप्पर पडत नाही, उडतं. वारा खालून आत शिरतो आणि वर रेटतो.

ऑफिसातल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मी हिशोब समजून घेतला, तो इथे देते कारण कुणी फॅब्रिकेटर तो सांगत नाही. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे तासाला १४० किलोमीटर. त्या वेगाचा दाब चौरस फुटाला साडेआठ किलोच्या आसपास येतो. आमचं छप्पर साधारण हजार-साडेदहाशे चौरस फूट. म्हणजे वाईटात वाईट वेळी नऊ टनांची ओढ वरच्या दिशेने, आणि पत्रा-लोखंड मिळून छपराचं स्वतःचं वजन त्याच्या निम्मंही नाही. ते धरून ठेवायचं काम पायाचं. दहा खांब आहेत. प्रत्येकाखाली तीन बाय तीन फूट, अडीच फूट जाडीचं काँक्रीट. एकेक पाया दीड टनाचा. मिस्त्री म्हणाले, "हितं काय तीन मजली बांधायची हाय का?" इंजिनिअरचं उत्तर मी त्यांना तसंच सांगितलं, की हा पाया वजन पेलायला नाही, वजन म्हणून आहे. पत्र्याला जे-हुक न वापरता वॉशरचे स्क्रू मारले, आणि वळचणीच्या ओळीत दाट मारले, कारण पत्रा उचकटायला सुरुवात कडेपासूनच होते.

खांबांबद्दल आणखी एक. शेणामुताच्या अमोनियाने लोखंड खालून सडतं. जुन्या पत्र्याच्या गोठ्यांचे खांब बघा, वर नवेकोरे आणि जमिनीलगत पापुद्रे. आम्ही काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या वर दीड फूट आणला आणि त्यावर बेसप्लेट बसवली. लोखंडाला शेण लागतच नाही. खर्चात फरक किरकोळ. सगळं मिळून लोखंड दोन-अडीच टन लागलं. भवानी पेठेत चौकशी केली आणि शेवटी पिरंगुटमध्ये घेतलं, वाहतूक वाचली.

कागदपत्रांचं लोक फार विचारतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २(९) मध्ये "शेतघर" म्हणजे काय ते दिलंय, आणि त्यात जनावरांचा निवारा, चारा, खत, अवजारं ठेवायची जागा हे सगळं येतं. शेतीच्या जमिनीवर गोठ्यासाठी बिगरशेती करावी लागत नाही. पण शहरालगतच्या पट्ट्यात परवानगीचे नियम वेगळे लागतात, आणि मुळशी तालुका पीएमआरडीएमध्ये, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, येतो. तेव्हा सातबारा घेऊन आधी जाऊन विचारा. गोठ्याच्या नावाखाली स्विमिंग पूल बांधणाऱ्यांमुळे खऱ्या गोठ्यालाही आता चार प्रश्न जास्त विचारतात.

सरकारी योजनेचंही विचारतात. रोजगार हमीतून गोठा मिळतो. २०२१ च्या शासन निर्णयात दोन ते सहा जनावरांसाठी ७७,१८८ रुपये धरले होते, आणि माप ७.७ मीटर बाय ३.५ मीटर, म्हणजे २६.९५ चौरस मीटर. सोबत अडीचशे लिटरची मूत्रटाकी आणि दोनशे लिटरची पाण्याची टाकी. दोन-तीन जनावरं असतील तर जरूर घ्या, माप विचार करून काढलेलं आहे. फक्त साडेअकरा फुटांत गव्हाणीपुढची वाट आत बसत नाही, ती छपराबाहेर जाते. पावसात चारा डोक्यावर घेऊन भिजत जायचं नसेल तर त्या बाजूला छप्पर पदरच्या पैशाने तीन फूट पुढे काढा. आमचा गोठा त्या मापाच्या जवळजवळ तिप्पट, त्यामुळे आम्ही त्या वाटेला गेलो नाही. भात आणि दुधाचे साठवलेले पैसे, आणि उरलेलं सोसायटीचं कर्ज.

वासरांचा कप्पा पश्चिमेच्या भिंतीला लागून, वाऱ्यापासून आडोशाला. त्याला चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी. वरून का, ते बिबट्याच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. जुन्नर-आंबेगावची बातमी रोज पेपरात येते, पण इकडेही डोंगराकडच्या वाड्यांवरची कुत्री बिबट्या नेतो अधूनमधून. दुसरा एक छोटा कोपरा मूळ गोठ्यापासून वेगळा, खळ्याच्या पलीकडच्या कडेला, नुसता चार खांब आणि पत्रा. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा आजारी गाय वेगळी बांधायला कुणाकडेच जागा नव्हती, लोकांनी आंब्याखाली बांधल्या. बाजारातून नवीन आणलेलं जनावरही आता आधी तिथेच राहतं.

काम तुळशीच्या लग्नानंतर काढलं, भाताची कापणी-झोडणी उरकल्यावर. आधी मजूर मिळत नाहीत, आणि मे उजाडला की वळवाची भीती. होळीपर्यंत पत्रा चढला होता.

पूर्वेच्या टोकाला नाळ संपते तिथे दोन भाग केलेत. शेण फावड्याने सरळ पुढे ढकललं की जमिनीच्या पातळीवरच्या तोंडातून खाली खड्ड्यात पडतं, मूत जाळीतून बाजूच्या टाकीत. टाकीतलं दादा शेतात घालायच्या जीवामृताला वापरतात. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, दोनशे लिटर पाणी. शेणखड्ड्याच्या खालच्या बाजूला बायोगॅसची जागा सोडली आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागतं, आमच्याकडे त्याच्या दुप्पट निघतं. पण गॅसची नळी स्वयंपाकघरापर्यंत जरा लांब पडतेय, तिला मधे पाणी साचू नये म्हणून उतार कसा द्यायचा यावर मी आणि मिस्त्री सध्या फोनवर वाद घालतोय. यावेळी लेव्हल मोडायचा आग्रह त्यांचा आहे.

बाकी किरकोळ कामं राहिलीत. ताडपत्रीचे हुक, दोन दिवे, हौदाला फ्लोट. दादांना खोंडाच्या जागेवर पंखा हवाय. ताईंनी सांगितलंय, आधी स्वयंपाकघरात एक लावा, मग खोंडाचं बघू.